पीजीटी करायची म्हणता, पण नेमकी कोणती?

आयव्हीएफच्या संमतिपत्रांच्या गठ्ठ्यात कुठेतरी एक ओळ असते: 'भ्रूणाची जनुकीय तपासणी: हवी / नको'. ती ओळ समोर येते तोवर जोडपं बहुतेक वेळा थकलेलं असतं. इंजेक्शनं सुरू झालेली असतात, रजा टाकून झालेल्या असतात, नातेवाइकांना काय सांगायचं तेही ठरलेलं असतं. मग 'करूनच टाकू, मनाला रुखरुख नको' असं म्हणत 'हवी'वर खूण होते. ही खूण करण्याआधी थांबा, एवढ्यासाठी हा सगळा प्रपंच. पीजीटी, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधीची जनुकीय तपासणी, या एका नावाखाली तीन निरनिराळ्या तपासण्या येतात. तिन्हींची गरज, तयारी, खर्च आणि खात्री वेगवेगळी आहे. आपल्याला कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय हे ठरलं नसेल, तर हातात येणारा अहवाल तुमच्या कामाचा असेलच असं नाही.

पीजीटी-एम ही ठरावीक, एका जनुकाच्या दोषाने होणाऱ्या आजारासाठी. थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे रक्ताचे, स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी आणि ड्यूशेन हे स्नायू दुबळे करणारे. घरात कोणता आजार आहे आणि त्यामागचा दोष कोणता हे आधी माहीत असतं, आणि भ्रूणात तेवढंच शोधलं जातं. पीजीटी-एसआर ही आई किंवा वडलांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असेल, म्हणजे ट्रान्सलोकेशन असेल, तेव्हा. पीजीटी-ए मात्र सरसकट मोजदाद आहे: भ्रूणात गुणसूत्रं ४६ आहेत की कमीजास्त. हिच्यासाठी घरात काही आजार असावा लागत नाही, म्हणून हीच सर्वांत जास्त सुचवली जाते. २०१७ पर्यंत यांना पीजीडी आणि पीजीएस म्हणत. जुन्या फाइलींत तीच नावं दिसतील.

यातली कोणतीही तपासणी भ्रूण सुधारत नाही. जी भ्रूणं तयार झाली त्यांतलं कोणतं गर्भाशयात सोडायचं एवढंच ती सांगते. चार झाली तर चारांतून निवड, एकच झालं तर निवडायला काही उरत नाही. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

महाराष्ट्रात पीजीटी-एमचा विचार करायला लावणारे दोन आजार ठळक आहेत, बीटा थॅलेसेमिया आणि सिकल सेल. दोन्ही एकाच जनुकाचे, अकराव्या गुणसूत्रावरच्या एचबीबी जनुकाचे. थॅलेसेमियाचे वाहक देशात शंभरात तीन-चार; सिंधी, लोहाणा, भानुशाली, पंजाबी कुटुंबांत हे प्रमाण बरंच जास्त. सिकल सेल विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी मूल मेजर, म्हणजे प्रत्यक्ष आजारी, होण्याची शक्यता चारात एक, मायनर म्हणजे वाहक होण्याची चारात दोन आणि दोष अजिबात नसण्याची चारात एक. एक जण थॅलेसेमिया मायनर आणि दुसरा सिकलचा वाहक असला तरी सुटका नाही. त्या चारातल्या एका मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो आणि तोही गंभीर असू शकतो. 'आमचे आजार वेगळे आहेत, मग काळजी कसली' हा गैरसमज विदर्भातल्या जोडप्यांसाठी फार महागात पडणारा आहे.

पहिलं काम रिपोर्ट नीट करून घेणं. 'थॅलेसेमिया मायनर' असं लिहिलेला एचपीएलसीचा कागद पीजीटी-एमला पुरत नाही. एचपीएलसी हिमोग्लोबिन ए-टूचं प्रमाण सांगते. ते साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेलं की वाहक म्हणतात. पण अंगात लोह कमी असेल तर ए-टू खाली दबतं आणि वाहक माणूस 'नॉर्मल' ठरतो. आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची कमतरता किती आहे हे सांगायला नको. म्हणून एमसीव्ही (तांबड्या पेशीचा आकार) ८०च्या खाली, एमसीएच (पेशीतलं हिमोग्लोबिन) २७च्या खाली आणि ए-टू काठावर असेल, तर लोह भरून काढून पुन्हा तपासायचं किंवा सरळ डीएनए तपासणी करायची. डीएनए तपासणी दोघांचीही झालीच पाहिजे. भारतात सर्वाधिक आढळणारा दोष आयव्हीएस वन-फाइव्ह. त्याखेरीज आयव्हीएस वन-वन, कोडॉन ८/९, कोडॉन ४१/४२ आणि सिंधी-लोहाणा कुटुंबांत ६१९ बेस जोड्यांचं डिलीशन, म्हणजे डीएनएचा तेवढा तुकडाच गायब. दोघांच्या अहवालात दोषाचं नाव लिहिलेलं नसेल तर पुढचं पाऊल टाकताच येत नाही.

दुसरं काम म्हणजे ज्याला लॅबची माणसं 'सेट-अप' म्हणतात ते: भ्रूणं होण्याआधीच तुमच्या कुटुंबासाठी तपासणी जुळवून ठेवणं. यात सर्वाधिक घाई होते आणि घाईचा सर्वाधिक तोटाही इथेच होतो. भ्रूणातून मिळणाऱ्या पाच-सहा पेशींत डीएनए इतका अत्यल्प असतो की जनुकाची एक प्रत वाचली गेली आणि दुसरी निसटली असं होऊ शकतं. याला ॲलील ड्रॉपआउट म्हणतात. समजा वडलांकडून आयव्हीएस वन-फाइव्ह आणि आईकडून कोडॉन ८/९ असे दोन दोष एका भ्रूणात आले. ते मेजर आहे. पण तपासताना आईकडची प्रत निसटली, दिसला फक्त वडलांकडचा दोष, तर लॅबला ते भ्रूण मायनर वाटू शकतं आणि मेजर मूल गर्भाशयात जाऊ शकतं. सबंध प्रक्रियेतली ही सर्वांत भयंकर चूक. ती टाळण्यासाठी फक्त दोषावर भरवसा न ठेवता त्याच्या दोन्ही अंगांचे मार्कर, म्हणजे डीएनएमधल्या ओळखखुणा, तपासतात. रस्त्यावर एखादं गाव धुक्यात दिसत नसलं तरी अलीकडचा आणि पलीकडचा मैलाचा दगड दिसला की आपण कुठल्या रस्त्यावर आहोत ते कळतं, तसंच. वडलांच्या सदोष प्रतीलगतचे मार्कर भ्रूणात दिसले, तर मधला दोष वाचला गेला नाही तरी ती प्रत आली आहे हे समजतं.

पण कोणता मैलाचा दगड सदोष रस्त्यावरचा हे घरच्यांच्या रक्ताशिवाय ठरत नाही. मेजर मूल असेल तर आईवडील आणि ते मूल, तिघांचं रक्त पुरतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-चार मिली. मेजर मुलाला रक्त चढवलेलं असतं, त्यामुळे शेवटचं रक्त कधी चढवलं ते लॅबला सांगायचं आणि लॅब म्हणेल तर रक्ताऐवजी गालाच्या आतल्या बाजूचा नमुना द्यायचा. मूल नसेल तर दोन्हीकडच्या आईवडलांचं रक्त लागतं. इथे खरी अडचण वैद्यकीय नसते. सासू-सासऱ्यांना काही कळू द्यायचं नाही असं ठरवून जोडपी आलेली असतात. अशा वेळी आधीच्या गर्भाची सीव्हीएस, म्हणजे वारेचा नमुना घेऊन केलेली तपासणी, झाली असेल तर त्या लॅबला फोन करून डीएनए शिल्लक आहे का विचारा. पुष्कळ लॅब तो जपून ठेवतात. एखाद्या भावंडाचा नमुनाही चालू शकतो. काहीच नसेल तर सांगावं लागतं, आणि ते इंजेक्शनं सुरू होण्याआधी सांगितलेलं बरं.

आपल्याकडच्या लग्नांमुळे आणखी एक गुंता होतो. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर दोघांकडचा दोष एकाच आजोबा-आजीकडून आलेला असण्याचा संभव मोठा. मग दोषाच्या आजूबाजूचे मार्करही दोघांचे सारखेच निघतात, आणि भ्रूणात दिसलेली प्रत आईकडची की वडलांकडची हे ओळखता येत नाही. अशा जोडप्यांत उपयोगी मार्कर कमी मिळतात, जास्त मार्कर तपासावे लागतात, वेळ लागतो. नात्यातलं लग्न आहे हे पहिल्याच भेटीत सांगायचं. संकोच करायचं काही कारण नाही, पण न सांगता सेट-अप पडला तर पैसे आणि महिनाभर दोन्ही जातात.

सेट-अपला चार ते आठ आठवडे धरून चाला. 'आधी भ्रूणं करून गोठवू, सेट-अप मागाहून होईल' असं कुणी म्हणालं तर नकार द्या. सेट-अप जमलाच नाही तर गोठवलेल्या भ्रूणांचं काय करायचं याचं उत्तर कुणापाशी नसतं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. दोघं वाहक आहेत, वय पंचविशी-तिशीचं आहे, दिवस सहज राहतात, अशा जोडप्याला पीजीटी-एम हा एकमेव मार्ग नाही. नैसर्गिकरीत्या दिवस राहू द्यायचे आणि अकराव्या ते तेराव्या आठवड्यात सीव्हीएस करून गर्भ तपासायचा हा मार्ग जुना, पक्का आणि कितीतरी स्वस्त आहे. मुंबईत केईएमच्या आवारातली आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था हे काम अनेक वर्षं करते आहे. त्यातली वेदना ही की चारात एकदा अहवाल मेजर येतो आणि गर्भपाताचा निर्णय घ्यावा लागतो. ज्यांना तो निर्णय घेणं शक्य नाही, ज्यांनी तो एकदोनदा घेतला आहे आणि आता सोसवत नाही, किंवा ज्यांना मूल होण्यासाठी आयव्हीएफ करावंच लागणार आहे, त्यांच्यासाठी पीजीटी-एम. दोन्ही पर्याय समोर ठेवले गेले नसतील तर समुपदेशन पूर्ण झालेलं नाही.

आता संख्यांकडे. नऊ ते बारा दिवस इंजेक्शनं, मग ट्रिगर, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी पिक-अप, म्हणजे बीजं बाहेर काढणं. समजा १२ स्त्रीबीजं मिळाली. त्यातली पक्व नऊ-दहा. फलित होतील सात. पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे भ्रूणाच्या शंभरेक पेशींच्या अवस्थेपर्यंत, पोचतील तीन-चार. हे सगळं सुरळीत गेलं तर. चारांतलं सरासरी एक मेजर, म्हणून तीन उरली. त्यावर पीजीटी-एही केली आणि बाईचं वय तिशीचं असेल तर तिनातली साधारण दोन हाती लागतील. चाळिशीत त्याच हिशेबात एखादं उरतं, कधी शून्य. सरासरी म्हणजे हमी नव्हे. चारांतली तीन मेजर निघालेलीही असतात. आजारी भावंडाशी एचएलए जुळणारं, म्हणजे पुढे बोन मॅरो देऊ शकेल असं भ्रूण हवं असेल, तर शक्यता तीन-चतुर्थांश गुणिले एक-चतुर्थांश, म्हणजे सोळांत तीन. ते एका पिक-अपमध्ये क्वचितच साधतं.

म्हणूनच मायनर भ्रूणं नाकारू नका. 'डॉक्टर, अगदी दोषच नसलेलं द्या' ही मागणी समजण्यासारखी आहे, पण ती केली की निम्मी भ्रूणं बाजूला पडतात. मायनर मूल तुमच्यासारखंच असतं आणि तुम्ही धडधाकट आहात.

फलन इक्सीनेच, म्हणजे एकच शुक्राणू सुईने बीजात सोडून करावं, हा पीजीटी-एमचा जुना दंडक. साध्या आयव्हीएफमध्ये बीजाच्या आवरणाला शेकडो शुक्राणू चिकटलेले राहतात आणि त्यातला एखादा बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या पेशींच्या, नळीत गेला की वडलांचा परका डीएनए मिसळला. आईच्या बाजूने हाच धोका क्युम्युलस पेशींचा. बीजाभोवतीच्या या पेशी पूर्ण सोलून काढल्या नाहीत तर भ्रूणाऐवजी आईचाच डीएनए वाचला जातो. स्वतः आई मायनर असते, त्यामुळे अहवाल 'मायनर' येतो आणि कुणाला शंकाही येत नाही.

बायोप्सी पूर्वी तिसऱ्या दिवशी करत. तेव्हा भ्रूणात आठेक पेशी असतात, त्यातली एक काढली तर आठवा हिस्सा गेला. आता ती पाचव्या, सहाव्या, क्वचित सातव्या दिवशी करतात. ब्लास्टोसिस्टमध्ये शंभर-दीडशे पेशी असतात आणि त्यांचे दोन भाग झालेले असतात: आत एका कडेला गोळा, ज्यातून बाळ होणार, आणि बाहेरचा थर, ट्रोफेक्टोडर्म, ज्यातून वार होणार. पेशी घेतात त्या बाहेरच्या थरातून. सूक्ष्मदर्शकाखाली एक काचनळी भ्रूणाला हलक्या ओढीने धरून ठेवते. गोळा डावीकडे, नळीच्या बाजूला येईल असं भ्रूण फिरवून घेतात. उजवीकडे लेझरने आवरणाला काही मायक्रॉनचं भोक. तिथून पेशींचा फुगवटा बाहेर डोकावतो, दुसऱ्या नळीत पाच ते आठ पेशी ओढतात आणि दोन पेशींच्या सांध्यावर लेझरचे दोन-चार ठोके देऊन तो तुकडा सुटा करतात. जास्त ठोके दिले की उष्णतेने पेशी फुटतात, डीएनए खराब होतो आणि अहवालात नसलेलं मोझेइक दिसायला लागतं. कमी पेशी घेतल्या तर निकाल येत नाही, जास्त घेतल्या तर भ्रूण दुबळं होतं. थराचा दर्जा सी असेल, म्हणजे ४बीसी वगैरे ग्रेड असेल, तर मुळातच पेशी विरळ असतात, आणि बायोप्सी करावी की नाही हा खरा प्रश्न उभा राहतो.

त्यानंतरचं काम बाहेरून अगदी किरकोळ दिसतं. ट्युबिंग. काढलेला तुकडा दोन-तीन थेंबांतून धुऊन ०.२ मिलीच्या इवल्याशा नळीत, तळाशी असलेल्या दोन-अडीच मायक्रोलिटर द्रावात सोडायचा. पेशी पारदर्शक, नळीही पारदर्शक. तुकडा आत पडला की काचनळीलाच चिकटून राहिला हे डोळ्यांना सहज दिसत नाही. 'नो रिझल्ट' आलेल्या नमुन्यांमागे अनेकदा हेच असतं. एका पेशीत डीएनए साधारण सहा पिकोग्रॅम, पाच पेशी म्हणजे तीस. बोलताना उडालेला थुंकीचा कण किंवा हातमोज्यावरची एक त्वचापेशी एवढ्याने नमुना वाया जातो. म्हणून मास्क, हातमोजे, वेगळा हूड, आणि प्रत्येक भ्रूण स्वतःच्या क्रमांकाच्या स्वतंत्र थेंबात. डिशचा क्रमांक, नळीचा क्रमांक आणि भ्रूण ज्या पट्टीवर गोठवलं तिचा क्रमांक, तिन्ही दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून सही करायची. ही साक्षीदाराची सही कागदावर आहे का हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एकाच जोडप्याच्या नळ्यांची आपसात अदलाबदल झाली तर पुढचं जगातलं कोणतंही यंत्र ती पकडू शकत नाही.

बायोप्सी झाल्यावर भ्रूण आकसतं आणि तशा आकसलेल्या अवस्थेतच ते उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात. भ्रूण क्लिनिकमध्येच राहतं. लॅबला जातात फक्त नळ्या. बहुतेक क्लिनिकांची जनुकीय लॅब दुसऱ्या शहरात असते, त्यामुळे अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात आणि ताज्या भ्रूणाचा ट्रान्सफर, म्हणजे ते गर्भाशयात सोडणं, होत नाही.

पीजीटी-एमबद्दल इतकं सविस्तर लिहिलं, कारण तिथे प्रश्न पक्का असतो आणि नीट केलेल्या कामाला पक्कं उत्तर मिळतं. पीजीटी-एचं तसं नाही. तिच्यामागचा विचार खरा आहे: वयासोबत बीजांतली गुणसूत्रांची वाटणी बिघडते. तिशीच्या आत साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ब्लास्टोसिस्ट सदोष असतात, चाळिशीला निम्म्याहून जास्त, आणि ४३-४४व्या वर्षी दहातले आठ. अशी भ्रूणं रुजत नाहीत किंवा रुजून पडतात. मग ती आधीच बाजूला काढली तर मूल होण्याची शक्यता वाढायला हवी, असं वाटतं. प्रत्यक्षात भ्रूणं तेवढीच राहतात, फक्त त्यांचा क्रम बदलतो. २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये चीनमधल्या १,२१२ बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. वय २० ते ३७, प्रत्येकीकडे किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट. पीजीटी-ए केलेल्यांत मूल होण्याचं एकूण प्रमाण ७७.२ टक्के, न केलेल्यांत ८१.८. गर्भपात मात्र थोडे कमी, १२.६ऐवजी ८.७ टक्के. तरुण वय, पहिलंच आयव्हीएफ, तीन-चार छान भ्रूणं, अशा जोडप्याला 'यश वाढेल' म्हणून पीजीटी-ए विकणं मला पटत नाही. अडतिशीच्या पुढे, वारंवार गर्भपात झालेले असताना, किंवा एक-एक ट्रान्सफर आणि त्यानंतरचे दोन-दोन महिने वाया घालवण्याची ऐपत आणि हिंमत उरलेली नसताना तिचा उपयोग आहे: कमी वेळात, कमी गर्भपात सोसून निकालापर्यंत पोचणं. आणि सगळीच भ्रूणं सदोष निघाली तर तेही लवकर कळणं. एवढंच आश्वासन खरं आहे.

पीजीटी-एचा अहवाल वाचताना सर्वाधिक गोंधळ 'मोझेइक' या शब्दाचा होतो. घेतलेल्या पेशींत काही नॉर्मल, काही सदोष असं चित्र दिसलं की यंत्र मधली संख्या देतं. साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान आलं की मोझेइक म्हणतात. पण तपासलेल्या पेशी बाहेरच्या थराच्या आहेत, आतल्या गोळ्याच्या नाहीत. थरात दोष असला म्हणून गोळ्यात असेलच असं नाही, आणि उलटही. इटलीतल्या एका गटाने २०१५ मध्ये १८ मोझेइक भ्रूणं सोडल्याचं आणि त्यातून सहा निरोगी मुलं जन्मल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हापासून मोझेइक भ्रूण टाकून देऊ नये यावर हळूहळू एकमत होत गेलं. नॉर्मल भ्रूण नसेल तर मोझेइक सोडता येतं. टक्केवारी कमी आहे का, कोणतं गुणसूत्र आहे, हे पाहून समुपदेशकाशी बोलायचं आणि गर्भ राहिल्यावर पंधरा-सोळा आठवड्यांनंतर गर्भजल तपासायचं. म्हणून अहवाल आल्या आल्या 'बाकीची डिस्कार्ड' या कागदावर सही करू नका. मोझेइक आणि 'नो रिझल्ट' वेगळी ठेवायला सांगा. 'नो रिझल्ट' म्हणजे सदोष नव्हे. ते भ्रूण वितळवून पुन्हा बायोप्सी करता येते, मात्र दोनदा गोठवल्याने त्याची रुजण्याची ताकद घटते.

पीजीटी-एला काय दिसत नाही तेही लक्षात असू द्या. एका जनुकातले दोष, लहान तुकड्यांची उणीव, ऑटिझम, मधुमेह, दुभंगलेला ओठ, हृदयातलं छिद्र, यातलं काही तिच्या टप्प्यात येत नाही. 'पीजीटी केली होती, तरी थॅलेसेमिया कसा झाला' हा प्रश्न ज्यांच्यावर येतो, त्यांनी बहुधा ए केलेली असते आणि गरज एमची असते.

पीजीटी-एसआरबद्दल थोडक्यात. दोन-तीन गर्भपात झाले असतील तर पीजीटी-एआधी दोघांचं कॅरिओटाइप करा, गुणसूत्रांची रचना दाखवणारी साधी रक्ततपासणी आहे. ट्रान्सलोकेशन निघालं तर सदोष भ्रूणांचं प्रमाण इतकं मोठं असतं की जास्त बीजं साठवण्याचं नियोजन आधीच करावं लागतं. संतुलित ट्रान्सलोकेशन असलेलं भ्रूण आणि पूर्ण नॉर्मल भ्रूण यांत नेहमीची तपासणी फरक करू शकत नाही. दोन्ही निरोगीच असतात, म्हणून ते चालतं.

कायद्याचंही बोललं पाहिजे. १९९० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ॲलन हॅन्डिसाइड आणि सहकाऱ्यांनी भ्रूण तपासून पहिल्यांदा गर्भ राहू दिले, तेव्हा त्यांनी पाहिलं होतं ते भ्रूणाचं लिंगच. मुलग्यांनाच होणारे एक्स गुणसूत्रावरचे आजार टाळण्यासाठी. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला होता. पुढे १९९४चा केंद्रीय कायदा आला आणि २००३च्या दुरुस्तीने तो गर्भधारणेआधीच्या लिंगनिवडीलाही लागू झाला. म्हणून भारतातल्या पीजीटीच्या अहवालात एक्स-वायची माहिती झाकलेली असते. ती मागू नका, कुणी देऊ केली तर ते क्लिनिक सोडा. हिमोफिलिया, ड्यूशेन यांसारख्या लिंगाशी जोडलेल्या आजारांसाठी कायद्यात वाट आहे. तिथेही आता दोषच थेट शोधता येतो. २०२१चा एआरटी कायदा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा, पीजीटीला ज्ञात, आनुवंशिक आजारांच्या चौकटीत ठेवतो. बुद्धिमत्ता, उंची यांचा अंदाज सांगणाऱ्या परदेशी जाहिराती तुमच्या फोनवर येतील; त्यांचा या चौकटीशी संबंध नाही, आणि त्यामागचं विज्ञानही एकाच जोडप्याच्या भ्रूणांत निवड करण्याइतकं पक्कं नाही. संमतिपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असणं आणि त्याची प्रत तुमच्या हाती मिळणं हा तुमचा हक्क आहे. मराठीत मागा.

पैसे ठरवताना 'पॅकेज' या शब्दावर थांबू नका. बायोप्सीचा दर भ्रूणामागे आहे की एकगठ्ठा? लॅबची फी वेगळी आहे का? सेट-अप पडला तर काही परत मिळतं का? 'नो रिझल्ट'ची दुसरी बायोप्सी कुणाच्या खर्चाने? गोठवून ठेवण्याचं वार्षिक भाडं किती? एकही ब्लास्टोसिस्ट झाला नाही तर पीजीटीचे भरलेले पैसे परत येतात का? ही उत्तरं लेखी घ्या.

ट्रान्सफर झाला, बीटा एचसीजीच्या रक्ततपासणीत दिवस राहिल्याचं कळलं, ठोके दिसले, की पुढच्या तपासणीचा उल्लेखही नकोसा होतो. तरीही पीजीटी-एमनंतर सीव्हीएस किंवा गर्भजल तपासणी सुचवली जाते, कारण ड्रॉपआउट, मिसळ, अदलाबदल या चुका विरळ असल्या तरी शून्य नाहीत. रक्तातून होणारी एनआयपीटी इथे चालत नाही. ती गुणसूत्रांची संख्या पाहते, थॅलेसेमिया पाहत नाही. ही तपासणी नाकारायची असेल तर नाकारा, पण कशाची जोखीम पत्करतोय हे कळून.

बाळ झाल्यावर लगेच एचपीएलसी करून घाबरू नका. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, ए-टूचा आकडा वर्षभरानंतरच विश्वासाचा होतो. खात्री हवीच असेल तर नाळेच्या रक्तावर डीएनए तपासणी होते. आणि पीजीटी-एमचा अहवाल, दोषांची नावं लिहिलेला तो कागद, मुलाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत जपून ठेवा. मूल मायनर असेल तर वीस-पंचवीस वर्षांनी, लग्न ठरण्याआधी, जोडीदाराचं ए-टू तपासताना तोच कागद लागणार आहे.